लंगोटांची बादली कोणाच्या हाती?

(कुटुंब प्रबोधनाच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



व्याख्यानाचा विषय भारदस्त असावा, अशी आपली समजूत असते. राष्ट्र, संस्कृती, स्वदेशी हे शब्द उच्चारले की श्रोते सावरून बसतात. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिचे नाव ऐकून काही चेहऱ्यांवर हसू उमटेल, याची मला कल्पना आहे. मी तान्ह्या बाळाच्या लंगोटाविषयी बोलणार आहे. कमी खर्चात बाळाला कोरडे, स्वच्छ आणि सुखात कसे ठेवावे, एवढाच माझा विषय आहे. पण हातभर कापडाचा हा तुकडा आपण समजतो तितका क्षुल्लक नाही. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे पंच परिवर्तनाचे विषय ठेवले गेले. कुटुंब प्रबोधन, सामाजिक समरसता, पर्यावरण, स्वदेशी आणि नागरिक कर्तव्य हे ते पाच विषय. या पाचही विषयांवर आपण भाषणे ऐकली आहेत, काहींनी ती केलीही आहेत. ते विषय घरात उतरले की नाहीत हे पाहायचे असेल, तर ज्या घरात तान्हे बाळ आहे त्या घराच्या मोरीत डोकवावे, असे मी म्हणेन.

प्रथम हिशेब

तरुण दांपत्याच्या वाणसामानाच्या यादीत आज तांदूळ-डाळीच्या बरोबरीने डायपरचे पुडके असते. त्याची किंमत आकाराप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे बदलते, म्हणून मी एक पद्धत तेवढी सांगते. आकडा प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने घालावा. एक डायपर दहा रुपयांना पडतो असे धरा. दिवसाला सहा लागले तर साठ रुपये झाले, महिन्याचे अठराशे झाले. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतच्या ७३० दिवसांत ४,३८० डायपर आणि ४३,८०० रुपये होतात. ज्याला तो आठ रुपयांना मिळतो त्याने आठने गुणावे, ज्याला पंधरा पडतात त्याने पंधराने. ज्या घराचा हप्ता चालू आहे, त्या घरात ही रक्कम लहान नाही. ती एकदम जात नाही, आठवड्या-आठवड्याने जाते, म्हणून दिसत नाही. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात. ते थेंबे थेंबे आटतेही.

सेवावस्तीत याच हिशेबाचे दुसरे रूप दिसते. तिथे पुडके परवडत नाही, म्हणून किराणा दुकानातून सुटा डायपर आणला जातो. तो महाग, म्हणून रात्री घातलेला दुपारपर्यंत काढला जात नाही. बाळाची मांडी लालबुंद होते, मग औषधाचा खर्च येतो. हातावर पोट असलेल्या घराला ही सोय दुप्पट महाग पडते.

आता दुसरी बाजू मांडू. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. काठ काढून टाकले तर रुंदी मीटरभर उरते. तिचे पन्नास सेंटिमीटरचे चौरस केले की बावीस होतात, त्यातले विरलेले दोन वगळले तर वीस उरतात. जुने कापड पातळ असते, म्हणून दोन-दोन चौरस एकावर एक ठेवून कडेने शिवावेत. म्हणजे एका साडीचे दहा दुहेरी लंगोट झाले. अशा दोन साड्या आणि आजोबांचे एक जुने धोतर काढले, तर अठ्ठावीस लंगोट होतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. अठ्ठावीस असले की दोन दिवसांची बेगमी झाली. पावसाळ्यातले बाळंतपण असेल तर आणखी आठ-दहा असावेत. शिलाईचा दोरा सोडला तर यात पैसा जात नाही. घरात जुने सुती कापड नसेल, तर इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेले साधे सुती कापड किंवा मलमल बाजारात मिळते. तेही चार पुडक्यांच्या किमतीच्या आत बसते.

नवजात बाळाला पहिले कापड जुने घालावे, ही आपल्याकडची रीत केवळ शकुनाची नव्हती. वापरून धुऊन मऊ झालेले सूत नव्या कापडापेक्षा अधिक लवकर पाणी शोषते आणि नाजूक कातडीला घासत नाही. बाळोती, दुपटी, झबली आजीच्या लुगड्यातून निघत, आणि थोरल्याचे धाकट्याला जात. काटकसर आणि माया यांच्यात तेव्हा भेद करावा लागत नसे.

हिशेबातला न लिहिलेला रकाना

इथवर ऐकून माझे भाषण संपले असे कोणी समजेल. डायपर महाग, लंगोट स्वस्त, म्हणून लंगोट वापरा, आणि टाळ्या. पण एवढेच सांगून मी खाली बसले, तर ते खोटे बोलणे होईल. कारण या हिशेबात एक रकाना लिहिलेला नाही. ते अठ्ठावीस लंगोट धुणार कोण?

दिवसाला दहा-बारा लंगोट, चार-पाच दुपटी. शी काढायची, विसळायचे, धुवायचे, तीनदा खळबळायचे, वाळत घालायचे, पावसाची सर आली की धावत आत आणायचे, घड्या घालायच्या. रोजचा तासभर तरी यात जातो. ज्या बाईने नुकताच जन्म दिला आहे, जिचे टाके ओले आहेत, जी रात्री तीन-तीनदा बाळाला पाजायला उठते, तिच्याच वाट्याला हे काम गेले, तर ४३,८०० रुपये वाचले असे म्हणता येणार नाही. ते तिच्या अंगातून वसूल झाले, असेच म्हणावे लागेल. मग अशा मुलीने डायपरचे पुडके आणले आणि सासूबाईंनी 'आमच्या वेळी असले काही नव्हते' असे ऐकवले, तर त्या वाक्यात संस्कृती नाही, केवळ टोमणा आहे.

आणि 'आमच्या वेळी' नेमके काय होते, तेही आठवावे. पहिले बाळंतपण माहेरी होई. सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर पडत नसे. घरात आजी असे, काकू असे, लग्न न झालेली आत्या असे. एकीच्या हातून बादली दुसरीच्या हाती जाई. शिवाय बाळंतिणीचे धुणे धुण्यासाठी बाहेरची बाई येई, आणि सोयराच्या नावाखाली त्याच बाईला ओसरीच्या पलीकडे उभे केले जाई. आपल्या घरातली सर्वांत नकोशी घाण ज्या हातांनी धुतली, त्यांना पाणीही वरून वाढले जाई. समरसतेची गोष्ट करणाऱ्यांनी जुन्या काळाचे गोडवे गाताना हे पानही उलटून पाहावे. जुन्या घरातले जे घेण्यासारखे आहे ते घ्यायचे, म्हणजे अनेक हात घ्यायचे. ती शिवाशिव घ्यायची नाही.

आज पुण्यात, ठाण्यात, नाशकात दोन खोल्यांचे घर असते. आई दोन महिन्यांसाठी येते आणि जाते. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने नोकरदार मातेला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली; पण रजा संपली की ती सकाळी आठची गाडी पकडते. या घरात हात किती उरले? दोन. आणि मोजताना आपण नेहमी जे विसरतो ते आणखी दोन, म्हणजे बाळाच्या बापाचे.

येथे एक गंमत सांगते. फेकून देण्याचा डायपर अमेरिकेत पॅम्पर्स या नावाने १९६१ साली बाजारात आला. व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. नातवंडाचे लंगोट बदलण्याची आणि धुण्याची पाळी स्वतःवर आली, तेव्हा ते काम त्यांना नकोसे झाले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. पिढ्यान् पिढ्या आज्या आणि आया हे काम करीत होत्या तोवर त्यात कोणाला अडचण दिसली नाही. आजोबांच्या हाती बादली आली आणि शोध लागला! तेथील आजोबांनी यंत्र आणि कारखाना उभा केला. आपल्याकडील आजोबांना आणि बाबांना मी त्यापेक्षा सोपी गोष्ट सुचवते आहे. बादली उचलावी.

स्वदेशीचे व्रत

फेकायच्या डायपरमध्ये असते काय? वरचा आणि खालचा थर प्लॅस्टिकचा. मध्ये लाकडाचा मऊ लगदा, जो मुख्यतः परदेशातील सूचिपर्णी वृक्षांपासून बनतो. त्या लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पूड मिसळलेली असते. ही पूड आपल्या वजनाच्या कैक पट पाणी शोषून त्याचा जेलीसारखा गोळा करते, म्हणून बाळाला ओले लागत नाही. ही करामत मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण आपण एक वस्तू चार तास वापरतो आणि तिच्यातले प्लॅस्टिक आपल्या नातवंडांच्या काळातही कुजलेले नसते.

१९०५ साली लोकमान्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात स्वदेशीची लाट उठली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कापडांची होळी झाली. त्या स्वदेशीचा अर्थ परदेशी दुकानाऐवजी देशी दुकानात जाणे एवढाच नव्हता. जे घरी करता येते ते घरी करावे, गरज कमी करावी, आणि जे विकत घ्यावे लागते त्यातून आपल्या माणसाला काम मिळावे, असा तिचा अर्थ होता. म्हणून देशी कंपनीचा फेकायचा डायपर आणला की स्वदेशी झाली, असे मानण्याचे कारण नाही. जुन्या साडीचा लंगोट हे स्वदेशीचे अधिक सोपे रूप आहे, कारण त्यासाठी दुकानातच जावे लागत नाही.

पर्यावरणाच्या नावाने बोलतानाही जरा जपून बोलावे. ब्रिटनच्या पर्यावरणविषयक शासकीय संस्थेने २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका बाळाच्या अडीच वर्षांत फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, आणि कापडी लंगोटांमुळे सरासरी ५७० किलो, असे त्यात आढळले. म्हणजे कापड वापरले की पर्यावरण आपोआप वाचले, असे होत नाही. कारण तिकडे लंगोट गरम पाण्याच्या यंत्रात धुऊन विजेवर वाळवले जातात. पण त्याच अभ्यासाने पुढे असेही सांगितले, की यंत्र पूर्ण भरून धुतले, लंगोट बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले, तर हा भार सुमारे २०० किलोंनी कमी होतो. दोरीवर वाळवणे आणि थोरल्याचे धाकट्याला वापरणे! आपल्या आज्या अभ्यासाविना जे करीत होत्या, त्यावर हे शिक्कामोर्तब आहे. त्या अभ्यासाचा अर्थ एवढाच, की कापडाचे पुण्य कापडात नसते, ते वापरण्याच्या रीतीत असते.

रीत अशी असावी

म्हणून आता रीतच सांगते. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. पण आज पहिलटकरणीला हे सांगायला घरात कोणी असतेच असे नाही.

नवे कापड आणले असेल तर त्यावर खळ असते. ती निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवावे, मगच ते पाणी शोषू लागते. लंगोट बांधताना नाडी वापरावी, टाचणी वापरू नये. चौरसाची त्रिकोणी घडी करून तो नाळेच्या देठाच्या खाली बांधावा, म्हणजे बेंबी कोरडी राहते. बांधणी सैल असावी आणि मांड्या मोकळ्या फाकता याव्यात. पाय सरळ करून करकचून गुंडाळण्याची सवय बाळाच्या खुब्याच्या सांध्याला अपायकारक असते. लंगोटाच्या वरून प्लॅस्टिकची चड्डी सतत घालू नये, तिच्यामुळे वाफ कोंडते. गादी वाचवायची असेल तर बाळाच्या खाली मेणकापड आणि त्यावर जाड बाळोते घालावे.

ओला लंगोट लगेच बदलावा. कापडी लंगोटाची ही अट आहे. तो ओले लपवत नाही, म्हणून आळसाला वाव ठेवत नाही. त्याचा एक फायदाही आहे. अंगावर पिणारे बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट ओले करीत असेल, तर त्याला दूध पुरते आहे असे समजण्यास आधार मिळतो. डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. कापडी लंगोट वापरणाऱ्या घरात त्याचे उत्तर तयार असते.

धुण्यासाठी झाकणाची वेगळी बादली ठेवावी. शीचा लंगोट आधी संडासात झटकून गार पाण्याने विसळावा. गरम पाणी आधी ओतले तर डाग पक्का बसतो. एक दिवसाहून अधिक काळ भिजत ठेवू नये. मग हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात थोडी साबणपूड टाकून भिजवावे आणि धुवावे. साबण जास्त घातला म्हणजे स्वच्छता जास्त, हा भ्रम आहे. कापडात उरलेला साबणच पुष्कळदा कातडीला झोंबतो. म्हणून तीनदा स्वच्छ पाण्यात खळबळावे. कपडे मऊ करणारी द्रावणे वापरू नयेत, त्यामुळे कापड पाणी शोषेनासे होते. सुवासिक जंतुनाशकही रोज घालण्याची गरज नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे कूपनलिकेचे पाणी जड असते. तेथे साध्या साबणाचा साका कापडात बसतो आणि लंगोट कडक होतात. धुण्याच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालावा आणि खळबळण्याला हात आखडू नये. वाळवायला ऊन हवे. कोकणातल्या आषाढात ऊन नसेल, तर अर्धवट सुकलेल्या लंगोटावर इस्त्री फिरवावी. बाळाला जुलाब असतील किंवा बुरशीचे पुरळ आले असेल, तर लंगोट दहा मिनिटे उकळावेत. धुऊन झाल्यावर साबणाने हात धुणे, हे सांगायला नको, तरी सांगते.

एक गोष्ट मात्र अगदी आवर्जून सांगायची आहे. थोरल्या बाळाची दुपटी-लंगोट आपण ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवतो आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी तशीच काढतो. असे करू नये. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते, आणि आपल्या देशात अशी बाळे दुर्मीळ नाहीत. डांबरगोळ्यांचा अंश अशा बाळाच्या शरीरात गेला, तर तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. लंगोट साठवायचे तर वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून साठवावेत.

आणि पुरळ उठलेच तर? जागा कोमट पाण्याने धुवावी, टिपून कोरडी करावी, थोडा वेळ उघडी ठेवावी, खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. पावडरीचा ढग उडवू नये, तो बाळाच्या श्वासातून छातीत जातो. दोन-तीन दिवसांत उतरले नाही, कातडीच्या घडीत लाल ठिपके दिसले, पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आपल्या आज्यांची आणखी एक रीत होती. बाळ झोपून उठले किंवा पिऊन झाले, की दोन पायांवर बसवून 'शू शू' असा आवाज करायचा. बाळ काही महिन्यांत तो आवाज ओळखू लागते, आणि दिवसाचे तीन-चार लंगोट सहज वाचतात. यात जबरदस्ती नसावी. झाले तर झाले, नाही तर पुन्हा पाहू, अशा खेळीमेळीने ते करावे.

व्रत असावे, हट्ट नसावा

काही प्रसंगी तयार डायपर सोयीचा असतो, हे मी मोकळेपणाने सांगते. लांबचा प्रवास, दवाखान्यातला मुक्काम, आईचे आजारपण, अगदी थकलेल्या घरातली रात्र. चांगला डायपर वेळच्या वेळी बदलला तर बाळाची कातडी कोरडी ठेवतो. दिवसा लंगोट आणि रात्री एक डायपर, असे केले तरी आपल्या हिशेबातले सहाचे एक होतात आणि ४३,८०० चे ७,३०० होतात. ज्या घराला पूर्ण व्रत झेपत नाही, त्याने एवढे करावे. कोणा मुलीला अपराधी वाटावे म्हणून हे भाषण नाही.

आता बटणांचे, बाळाबरोबर आकार वाढवता येणारे कापडी डायपरही आपल्याच देशात तयार होतात. नोकरदार घराला आणि पाळणाघराला ते सोयीचे पडतात. त्यांची सुरुवातीची किंमत अधिक असते आणि आतल्या जाड घड्या वाळायला वेळ लागतो, हे ध्यानात घेऊन ते घ्यावेत. कपडे धुण्याचे यंत्र असेल तर आधी शी काढून, विसळून मग यंत्रात टाकावे. यंत्र वापरले म्हणून परंपरा बुडत नाही.

पाण्याचा प्रश्नही खरा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तीन बादल्यांचा उपदेश करताना विचार करावा. अशा वेळी शेवटच्या खळबळण्याचे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विसळण्यासाठी ठेवावे, आणि ते संडासात ओतून दुसऱ्यांदा कामी आणावे. तेवढेही पाणी नसेल, तर त्या घराने डायपर वापरावा. बाळाची स्वच्छता व्रतापेक्षा मोठी आहे.

कचरा उचलणारे हात

डायपर वापरला तर त्याची विल्हेवाट हे आपले नागरिक कर्तव्य ठरते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली. तो नीट गुंडाळून द्यावा, आणि त्यासाठी लागणारे वेष्टन उत्पादकांनी पुरवावे, असे त्या नियमांत सांगितले होते. प्रत्यक्षात काय घडते, ते आपण जाणतो. डायपर शीसकट वळकटी करून ओल्या कचऱ्यात जातो. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या भगिनींची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करू लागली. अशा भगिनी कचरा हातांनी निवडतात. आपल्या बाळाची शी त्यांच्या बोटांना लागते.

बाळाची शी आईला घाण वाटत नाही, कारण ते तिचे बाळ असते. त्या भगिनीने ती का सोसावी? म्हणून डायपरातली शी आधी संडासात टाकावी, डायपर गुंडाळून कागदात बांधावा, वर लाल खूण करावी आणि तो वेगळा द्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. समरसतेच्या दहा व्याख्यानांपेक्षा ही दोन मिनिटे त्या भगिनीला अधिक कळतील.

आपण काय करू शकतो

भाषण ऐकून घरी जाताना हातात काही काम असावे, म्हणून तीन सूचना करते.

पहिली सूचना बाळंतविड्याविषयी. बारशाला आपण चांदीचा वाळा देतो, एका महिन्यात तोकडा होणारा भरजरी अंगरखा देतो. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, बारा धुतलेले मऊ लंगोट आणि सहा दुपटी द्यावीत. आपल्या बचत गटांनी असे संच शिवावेत. शिवणाऱ्या भगिनीला काम मिळेल, आणि नव्या आईला ज्याची पहिल्या दिवसापासून गरज असते तेच मिळेल.

दुसरी सूचना सेवावस्तीत काम करणाऱ्यांसाठी. तिथे जाऊन 'डायपर वापरू नका' असा उपदेश करू नये. जुन्या सुती साड्या आणि धोतरे गोळा करावीत, धुऊन, शिवून, अठ्ठावीसचा संच करून गरोदर भगिनीला सातव्या महिन्यातच पोहोचवावा. सोबत झाकणाची एक बादली द्यावी. मात्र स्वतःच्या नातवाला घालणार नाही असे फाटके कापड देऊ नये. सेवेच्या नावाने अडगळ वाटली जाऊ नये.

तिसरी सूचना बंधूंसाठी. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी आपल्या पत्नीला आजच सांगावे, की लंगोटांची सकाळची बादली माझी. कामावर जाण्याआधीची अर्धी-पाऊण तासाची ती सेवा आहे. शाखेत, शिबिरात आपण केर काढतो, पंगतीची भांडी घासतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही. तोच स्वयंसेवक घराचा उंबरठा ओलांडला की पाहुणा का व्हावा? आणि सासूबाईंनी, 'माझ्या मुलाला लंगोट धुवायला लावले' असे न म्हणता, दोरीवरचे लंगोट काढून घड्या घालायला बसावे. कापडाची काटकसर तेव्हाच खरी होते, जेव्हा तिचे कष्ट घरात वाटले जातात. एकीच्या पाठीवर टाकलेली काटकसर आज ना उद्या मोडते, आणि मोडते तेव्हा तिच्याबरोबर घरातला गोडवाही मोडतो.

आपण मुलांवर संस्कार करायला श्लोक शिकवतो, गोष्टी सांगतो. ते करावेच. पण जे मूल वडिलांना आपल्या धाकट्या भावंडाचे लंगोट दोरीवर घालताना पाहते, त्याला श्रमाची प्रतिष्ठा, स्त्रीचा मान आणि कुटुंब म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. आज घरी गेल्यावर जुन्या साड्यांची पेटी उघडावी आणि कोणत्या कामाला कोणाचे हात लागणार, हे सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, एवढी विनंती करून मी थांबते.

भारत माता की जय.